साम्राज्याची मोजदाद आणि मराठवाड्यातील समाज

समाजशास्त्र, मानवशास्त्र, लोकसंख्याशास्त्र आणि अर्थशास्त्राचा बराचसा भाग असे जे विषय आज विद्यापीठांत सामाजिक शास्त्रे या नावाखाली शिकवले जातात, ते ज्या काळात आपापल्या पायांवर उभे राहिले तोच काळ युरोपीय साम्राज्यांच्या भरभराटीचा होता, आणि या दोन गोष्टींचा संबंध निव्वळ योगायोगाचा नव्हता. परक्या मुलखावर राज्य करायचे तर जमीन कोणाच्या ताब्यात आहे, ती किती पिकते, गावात कोणाचा शब्द चालतो, सैन्यात कोणाला घ्यावे आणि कोणावर पाळत ठेवावी हे राज्यकर्त्याला ठाऊक असावे लागते. या गरजेतून पाहण्या झाल्या, पाहण्यांतून तक्ते तयार झाले, आणि तक्त्यांतील समूहांचे वर्णन व वर्गीकरण करता करता एक शास्त्र आकाराला आले. बर्नार्ड कोहन यांच्यासारख्या अमेरिकी अभ्यासकाने भारतातील जनगणनेच्या संदर्भात, तर तलाल असद यांनी १९७३ मध्ये संपादित केलेल्या निबंधसंग्रहाने एकूण मानवशास्त्राच्या संदर्भात, हा संबंध उघडपणे चर्चेला आणला. या चर्चेत उदाहरणे येतात ती बहुधा बंगाल, पंजाब किंवा आफ्रिकेतील वसाहतींची. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांचे उदाहरण मात्र वेगळे आणि काही बाबतींत अधिक बोलके आहे, कारण इथे इंग्रजांचे थेट राज्य नव्हते.

आजचा नांदेड जिल्हा आणि आजचा लातूर जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. पहिले सालारजंग दिवाण असताना १८६५ मध्ये झालेल्या जिल्हाबंदीने, म्हणजे मुलखाची जिल्हे व तालुक्यांत फेरमांडणी करून पगारी अधिकारी नेमण्याच्या व्यवस्थेने, जुन्या मक्तेदारीच्या वसुलीला पर्याय उभा केला. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. निजामाच्या काळात लातूर आणि औसा हा भाग नळदुर्ग, म्हणजे पुढच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, तर उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हा भाग बीदर जिल्ह्यात मोडत असे. निजामी राजवट धर्माने, भाषेने आणि दरबारी रिवाजाने इंग्रजांहून निराळी असली, तरी कारभाराची साधने तिने शेजारच्या मुंबई इलाख्याकडून आणि कलकत्त्याच्या साम्राज्य सरकारकडून घेतली. संस्थानात इंग्रजी धर्तीची मोजदाद झालीच नाही, हा समज म्हणून टिकत नाही. ती झाली, आणि तिचे दाखले आज या जिल्ह्यांत जितके शोधले जातात तितके तिच्या स्वतःच्या काळातही शोधले गेले नसतील.

साम्राज्य आणि समाजवर्णन यांची गाठ या प्रदेशात प्रथम दिसते ती फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याच्या रूपाने. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च थकल्याचे कारण पुढे करून कंपनी सरकारने १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गाचा मुलूख आपल्या ताब्यात घेतला आणि नळदुर्गचा कारभार टेलर यांच्याकडे सोपवला. वऱ्हाड वगळता हा मुलूख १८६० मध्ये निजामाला परत मिळाला. टेलर यांनी नळदुर्गात जमिनीची मोजणी आणि महसुलाची आकारणी हाती घेतली. हाच अधिकारी १८३९ मध्ये ठगांवरच्या कादंबरीने इंग्लंडात प्रसिद्ध झाला होता. जमीन मोजणारा, गुन्हेगारीचे वर्णन करणारा आणि लोकांच्या चालीरीती टिपणारा लेखक एकाच माणसात सामावलेला असावा, यावरून त्या काळी कारभार आणि समाजज्ञान यांच्यात भिंत अशी नव्हतीच हे कळते.

खरी व्यवस्थित मोजदाद सुरू झाली ती १८८१ च्या खानेसुमारीपासून. ब्रिटिश हिंदुस्थानात त्या वर्षी एकाच वेळी सर्वत्र माणसे मोजली गेली आणि हैदराबाद संस्थानातही तीच पहिली खानेसुमारी ठरली. पुढे दर दहा वर्षांनी साम्राज्य सरकारने ठरवलेले रकाने संस्थानाच्या अधिकाऱ्यांनी भरले. १९०१ ची मोजणी मिर्झा मेहदी खान यांच्या देखरेखीखाली झाली आणि तीत संस्थानाची लोकसंख्या १ कोटी ११ लाख ४१ हजार भरली. त्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोक तेलुगू, २६ टक्के मराठी, १४ टक्के कानडी आणि १० टक्के उर्दू बोलणारे होते. हा भाषांचा तपशील पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाचा आहे, कारण तीन प्रमुख लोकभाषांच्या मुलखातील जाती एकाच तक्त्यात बसवण्याचे काम हैदराबादच्या अधिकाऱ्यांना करावे लागले.

हे तक्ते वरून आले असले तरी त्यांतील मजकूर गावातून आला, ही बाब साम्राज्यावर टीका करणारे अभ्यासकही पुष्कळदा विसरतात. गावात कोण कोणत्या जातीचा हे इंग्रज अधिकाऱ्याने किंवा निजामाच्या तालुकदाराने ठरवलेले नसे. ते पाटील, पटवारी आणि देशमुख-देशपांड्यांच्या वतनदार घराण्यांना विचारून लिहिले जाई. चावडीवर ज्यांचा आवाज चालत होता त्यांनी इतरांना जी नावे दिली, तीच पुष्कळ ठिकाणी सरकारी झाली. त्यामुळे साम्राज्याने जात निर्माण केली असे म्हणणे जितके अतिशयोक्त आहे, तितकेच साम्राज्याने जात होती तशी फक्त टिपली असे म्हणणेही भाबडे आहे. गावातील सैल, ठिकाणागणिक बदलणारी आणि वापरानुसार वाकणारी नावे त्याने छापील यादीत घट्ट बसवली, आणि तसे करताना गावच्या वरिष्ठांचे मत शास्त्राच्या भाषेत उतरवले.

या यादीला शास्त्राचे बळ दिले हर्बर्ट रिस्ली यांनी. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त असलेल्या रिस्ली यांनी जातींची सामाजिक श्रेष्ठतेनुसार उतरंड लावण्याचा आग्रह धरला आणि त्या उतरंडीचे मूळ वंशात आहे हे दाखवण्यासाठी मानवमितीचा, म्हणजे कवटी, नाक, उंची इत्यादींची मापे घेण्याच्या पद्धतीचा आधार घेतला. नाकाची रुंदी आणि लांबी यांच्या गुणोत्तराला नासिका निर्देशांक म्हणतात. तो जसा वाढतो तशी जातीची प्रतिष्ठा उतरते, असे त्यांचे म्हणणे होते. साम्राज्य सरकारने हाती घेतलेल्या वांशिक पाहणीतून प्रांतोप्रांतीच्या जाती-जमातींवर जाडजूड ग्रंथ निघाले: मध्य प्रांतासाठी रसेल आणि हिरालाल यांचे १९१६ मध्ये, मुंबई इलाख्यासाठी एन्थोवेन यांचे १९२० ते १९२२ या काळात, आणि निजामाच्या राज्यासाठी सय्यद सिराज-उल-हसन यांचा १९२० मध्ये. रिस्ली यांच्या मांडणीला सर्वांत नेमकी उत्तरे दिली ती मराठी मुलखातील दोघा विद्वानांनी. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ मध्ये मापांचे आकडे पुन्हा तपासून जात आणि वंश यांचे समीकरण देशभर लागू पडत नाही हे दाखवले, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथात त्याच आकड्यांच्या साहाय्याने अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे असल्याचा सिद्धांत खोडून काढला. राज्यकर्त्यांनी गोळा केलेले आकडे राज्यकर्त्यांच्या निष्कर्षाविरुद्ध वापरता येतात, हे त्यातून सिद्ध झाले.

वांशिक ग्रंथांहून वेगळ्या तऱ्हेचे, म्हणजे लोकांत राहून त्यांची भाषा शिकून केलेले संशोधन या भागात आले ते एका बंडाच्या पाठोपाठ. नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि त्या डोंगराळ जंगलपट्टीत गोंड, कोलाम, परधान आणि आंध या समाजांची वस्ती आहे. जंगल राखीव करून वस्त्या उठवणे, गोंडांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचे पट्टे बाहेरून आलेल्यांच्या नावे होणे आणि वनखात्याच्या कर्मचाऱ्यांची जबरदस्ती, यांविरुद्ध कोमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंड आणि कोलामांनी उठाव केला, आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात भीम मारले गेले. बंड मोडल्यावर निजाम सरकारला प्रश्न पडला की इतके शांत लोक उठले का. त्याचे उत्तर शोधायला माणूस हाताशीच होता. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मूळ व्हिएन्नाचे मानवशास्त्रज्ञ ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्यामुळे जर्मन नागरिक ठरले होते, आणि महायुद्ध सुरू झाल्यावर शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याचे बंधन घालण्यात आले. साम्राज्याचा स्थानबद्ध असा हा संशोधक काही वर्षांतच संस्थानाचा आदिवासीविषयक सल्लागार झाला.

हायमेनडॉर्फ यांनी चेंचू, रेड्डी आणि राज गोंड या तीन समाजांवर १९४३ ते १९४८ या काळात तीन ग्रंथ प्रसिद्ध केले, आणि सरकारला दिलेल्या अहवालांत उठावाचे कारण जमीन हे आहे, हे स्पष्ट शब्दांत मांडले. विल्फ्रिड ग्रिगसन या इंग्रज अधिकाऱ्यांनी, जे स्वतः बस्तरच्या माडिया गोंडांवरील ग्रंथाचे लेखक होते आणि हैदराबादच्या महसूल खात्याचे प्रमुख होते, या शिफारशींना पाठबळ दिले. १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र सुरू झाले, गोंडी भाषेची पाठ्यपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली, आणि गोंडांच्या नावे जमिनीचे पट्टे करण्याचे काम निघाले. गोंडांच्या देवकथा आणि वंशकथा गाणारे परधान घरात मराठी बोलत, त्यामुळे गोंडांच्या पुराणाचा जो संग्रह युरोपीय भाषेत छापला गेला त्याच्या वाटेवर मराठी भाषकांचा मुक्काम होता, ही गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात घेण्यासारखी आहे.

या संशोधनाला सत्तेचे हत्यार म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. हेतू राज्याच्या शांततेचा होता यात शंका नाही. बंड झाले नसते तर अहवाल मागवले गेले नसते आणि अहवाल नसते तर पट्टेही झाले नसते. तरीही ज्या जमिनी त्या काळात गोंडांच्या नावे लागल्या त्या खऱ्या होत्या. त्यांचे पुढे काय झाले हेही हायमेनडॉर्फ यांनीच लिहून ठेवले आहे: अनेक वर्षांनी ते पुन्हा या भागात आले, आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी स्वतंत्र भारतात बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांच्या हाती आदिवासींच्या जमिनी पुन्हा कशा गेल्या याची नोंद केली. साम्राज्य गेल्याने आदिवासींची जमीन सुरक्षित झाली नाही, असे संस्थानाच्या जुन्या सल्लागाराला लिहावे लागले.

याच परंपरेतील मराठी दुवा म्हणजे सेतुमाधवराव पगडी. १९१० मध्ये निलंगा येथे जन्मलेले पगडी हैदराबादच्या मुलकी सेवेत गेले, आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम करताना त्यांनी गोंडी आणि कोलामी या भाषा शिकून त्यांवर लिहिले, आणि राज्य पुनर्रचनेनंतर ते महाराष्ट्राच्या गॅझेटियर विभागाचे संपादक झाले. गॅझेटियर म्हणजे एखाद्या जिल्ह्याचा भूगोल, इतिहास, लोक, शेती आणि कारभार यांची सरकारी माहिती देणारा ग्रंथ. ही साम्राज्याच्याच गरजेतून जन्मलेली रचना. फारसी आणि उर्दू जाणणारा, मराठ्यांच्या इतिहासाचा व्यासंगी असा निलंग्याचा माणूस तिच्या मराठी अवताराच्या गादीवर बसला, तेव्हा रकाने जुनेच राहिले, पण त्यांत काय भरायचे हे ठरवणारा हात बदलला. पगडींची ख्याती मराठी वाचकांत इतिहासकार आणि उर्दू काव्याचे रसिक भाष्यकार म्हणून आहे. त्यांचे गोंडांवरचे काम त्या मानाने उपेक्षित राहिले, आणि ही उपेक्षा मराठी अभ्यासकांच्या लेखी फारशी भूषणावह नाही.

नागरी भागात सामाजिक शास्त्र पोहोचले ते उस्मानिया विद्यापीठातून. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि त्यासाठी अनुवादाचे स्वतंत्र खाते उघडून अर्थशास्त्र, इतिहास व राज्यशास्त्रावरील पुस्तके उर्दूत आणली गेली. नांदेड-लातूरकडच्या मराठी विद्यार्थ्याला युरोपीय समाजविचार मिळे तो असा दुहेरी परकेपणा ओलांडून. मराठवाड्यात मराठी मुलांना आपल्या समाजाबद्दल आपल्या भाषेत उच्च शिक्षण मिळू लागले ते १९४८ नंतर, नांदेडच्या पीपल्स कॉलेजसारख्या संस्थांमधून, जिथे नरहर कुरुंदकर यांनी अध्यापन केले.

साम्राज्य गेले, त्याचे तक्ते मात्र राहिले, आणि या प्रकरणाचा सर्वांत जिवंत भाग तिथून सुरू होतो. राज्यघटनेनुसार १९५० मध्ये अनुसूचित जमातींची यादी जाहीर झाली ती जुन्या वांशिक वर्णनांच्या आणि जनगणनांच्या आधाराने. सुरुवातीला एखादी जमात विशिष्ट प्रदेशापुरतीच अनुसूचित मानली जाई. हे क्षेत्रबंधन १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने बहुतांशी उठले. त्यानंतर नामसाधर्म्याचे वाद वाढले. महाराष्ट्राच्या यादीत कोलाम आणि मन्नेरवारलू ही नावे एकत्र येतात, तर नांदेडच्या तेलुगूभाषक पट्ट्यात मुन्नूरवार नावाचा शेतकरी समाजही आहे. महादेव कोळी आणि इतर कोळी यांच्याबाबत असाच गुंता आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मधील एका निकालात पडताळणी समितीची पद्धत घालून दिली, आणि तीत अर्जदाराच्या कुटुंबाचे देव, लग्नाचे विधी, मृत्यूनंतरचे संस्कार आणि बोली हे त्या जमातीशी जुळतात का हे पाहण्याची सोय झाली. वकिलांच्या भाषेत हिला अ‍ॅफिनिटी टेस्ट म्हणतात. या चाचणीत अर्जदाराची उत्तरे ताडून पाहिली जातात ती बहुधा शंभर वर्षांपूर्वीच्या वांशिक ग्रंथांशी, जणू काही समाजाने मधल्या काळात बदलायचेच नव्हते. वैद्यकीय प्रवेशासाठी प्रमाणपत्र मागणाऱ्या मुलीला घरात कोणता देव पुजतात हे विचारायचे आणि तिचे उत्तर १९२० च्या पुस्तकाशी जुळले नाही म्हणून शंका घ्यायची, हे शास्त्रही नव्हे आणि न्यायही नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या चाचणीला निर्णायक कसोटी मानता येणार नाही असे स्पष्ट केले, ते योग्यच झाले.

बंजारा समाजाचे उदाहरण आणखी स्पष्ट आहे. हैदराबाद संस्थानात एकाच नोंदवहीत असलेले तांडे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने तीन राज्यांत विभागले गेले. आज तेलंगणातील लंबाडा, म्हणजे तिथला बंजारा, अनुसूचित जमातीत येतो आणि किनवटच्या बाजूचा त्याचा सोयरा महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत.

मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने तर निजामकालीन कागदांना अभूतपूर्व महत्त्व आणून दिले. राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मराठ्यांच्या पूर्वजांच्या कुणबी अशा नोंदींचा शोध सेतवार व खासरा पहाणीपत्रक ही जमिनीची कागदपत्रे, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या आणि शाळेचे दाखले यांत सुरू झाला, आणि त्यासाठी मोडी व उर्दू वाचणारे लोक शोधावे लागले. पुढे २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे मराठवाड्यातील मराठा समाजाच्या दाव्यांची चौकशी करण्याचा शासन निर्णय निघाला. हे गॅझेटियर म्हणजे साम्राज्याच्या मालिकेत १९०९ मध्ये निघालेला हैदराबाद राज्याचा खंड. त्यात शेतकरी समाजाला ‘कापू किंवा कुणबी’ अशा एकाच शीर्षकाखाली घेतले असून संस्थानाच्या लोकसंख्येत सुमारे चौथा हिस्सा त्याचा मानला आहे. तेलुगू मुलखातील कापू आणि मराठी मुलखातील कुणबी यांना एका ओळीत बसवणे ही तीन भाषांचे राज्य चालवणाऱ्या कारकुनाची सोय होती. ती सामाजिक एकतेची साक्ष म्हणून वाचली जाईल, असे तक्ता करणाऱ्याच्या स्वप्नातही आले नसेल. शिवाय गॅझेटियरमध्ये संख्या आहेत, नावे नाहीत. म्हणूनच शासन निर्णयाने गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची समिती नेमून, १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी त्या भागात राहत असल्याच्या प्रतिज्ञापत्रासह चौकशीची सोय केली. चौकशी पुन्हा चावडीवरच आली. आणि त्याच गॅझेटियरचा हवाला देऊन बंजारा समाजाने अनुसूचित जमातीच्या दर्जाची मागणी पुढे आणली.

ज्यांच्याबद्दल साम्राज्याने सर्वांत निर्दयपणे लिहिले त्यांनी मात्र तक्त्यात जागा मागण्यापेक्षा स्वतः लेखणी हाती घेतली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मामुळेच गुन्हेगार ठरणारे समूह असतात ही कल्पना कायद्यात आणली. पोलिसी नोंदी आणि वांशिक वर्णने यांच्यातील अंतर त्या कायद्याने पुसले, आणि तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. लातूर तालुक्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये लिहिले, आणि त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चोरी हा ज्यांचा धंदा म्हणून नोंदवला गेला त्यांच्या घरातील उपासमार, पोलिसांची मारझोड आणि शाळेच्या दाराशी होणारी अडवणूक त्यात आतून सांगितलेली आहे, आणि समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात सिराज-उल-हसन यांच्या ग्रंथाशेजारी ते ठेवले तर विद्यार्थ्याला दोन्हींचा अर्थ अधिक कळेल.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आणि त्याच्या लातूरच्या उपकेंद्रात सामाजिक शास्त्रे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे यामुळे एक निकडीचे काम आहे. मोडी आणि उर्दू शिकून तालुक्याच्या अभिलेखागारातील कागद स्वतः वाचणे, आणि प्रत्येक नोंद कोणी, कोणाला विचारून आणि कोणत्या वसुलीसाठी केली हे तिच्याबरोबर लिहून ठेवणे, हे काम प्रमाणपत्र शोधणाऱ्या समितीच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी वेळही फार नाही: केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतलेल्या निर्णयानुसार १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून होणाऱ्या जनगणनेत, १९३१ नंतर प्रथमच, अनुसूचित जाती-जमातींबाहेरील जातींचीही नोंद होणार आहे.